मास्तरीणबाई गुहा बघतात

मास्तरीणबाई कुठल्याच शाळेत शिकवत नव्हत्या. गणवेश आणि दवाखान्यांचे पांढरे कोट शिवणाऱ्या एका कारखान्यात त्या गेली एकतीस वर्षं कापड कापत होत्या. मास्तरीण हे नाव त्यांना पडलं ते समोरच्याची चूक त्याच्या तोंडावर, चारचौघांत आणि शक्य तितक्या मोठ्याने सांगण्याच्या हौसेमुळे. या एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचं कौतुक केल्याचं कोणाला आठवत नाही. एकदा मालकांच्या नव्या कोटाकडे बघून त्या 'ठीक आहे' असं म्हणाल्या होत्या. मालक दोन दिवस तो कोट अंगातून काढायला तयार नव्हते.

कारखाना म्हणजे एकापुढे एक अशा तीन खोल्या. पहिल्या खोलीत पत्रा ठोकलेलं लांबलचक टेबल आणि त्याच्या खिडकीकडच्या टोकाला मास्तरीणबाई. मधल्या खोलीत शिलाई मशीन आणि त्यांचा खडखडाट. शेवटच्या खोलीत इस्त्री आणि तपासणी. कापड पहिल्या दारातून आत यायचं आणि तिसऱ्या दारातून घडी घातलेला कोट होऊन बाहेर पडायचं. मधल्या प्रवासात जे काही बिघडेल ते पुढच्या खोल्यांत बिघडतं, पहिल्या खोलीत कधीच नाही, असं मास्तरीणबाईंचं ठाम मत होतं. बाही तिरकी बसली की त्या मधल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "हे शिवलंय की बांधलंय?"

आता त्यांच्या मैत्रिणी. इतक्या गोड स्वभावाच्या बाईला मैत्रिणी असाव्यात हेच नवल, पण होत्या, आणि चांगल्या तीन होत्या. पहिली काजवाली. ती मशीनवर बटणांची काजं करायची आणि दिवसभर हसायची. मयताला गेली तरी तिला हसू फुटायचं, म्हणून घरचे तिला मागच्या रांगेत उभं करायचे. दुसरी इस्त्रीवाली. अंगाने भारदस्त, गुडघ्यांनी वैतागलेली आणि जिथे टेकेल तिथे डोळा लागणारी. तिसरी तपासनीस. तयार कोट उलटासुलटा करून त्यातला दोष काढणं हे तिचं काम. ती बाकीच्यांपेक्षा दहाएक वर्षांनी लहान. बोलायची कमी, आणि इतक्या वर्षांनीही मास्तरीणबाईंना 'अहो-जाहो' करणारी ती एकटीच.

तर या मास्तरीणबाईंना गेल्या दीड वर्षापासून नीट दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. कडेकडेचं दिसायचं, पण नेमकं जिथे बघावं तिथेच मधोमध एक मळकट डाग. कोणाच्या तोंडाकडे बघावं तर त्याचे कान दिसायचे आणि नाक गायब. खडूची सरळ रेघ मध्येच नागमोडी व्हायची. अशा वेळी माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो. मास्तरीणबाईंनी टेबलावरचा दिवा बदलायला लावला. मग तो नवा दिवाही बदलायला लावला. मग हल्लीचे खडू भिकार निघतात, गिरणीवाले कापडाला रंगच देत नाहीत आणि चष्मेवाले चोर आहेत अशी कारणं त्यांनी एकामागून एक शोधली. जगातली प्रत्येक वस्तू बिघडली असणं त्यांना पटत होतं, फक्त एक सोडून.

डॉक्टरला टाळण्याचं खरं कारण त्यांच्या घरी खिडकीत बसलेलं होतं. त्यांचे यजमान शाळेची बस चालवायचे. पाच वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीत ते नापास झाले आणि त्याच दिवशी किल्ली त्यांच्या हातून काढून घेतली गेली. तेव्हापासून ते खिडकीशी खुर्ची लावून बसतात आणि खालून जाणारी बस नुसत्या आवाजावरून ओळखतात. "चौदा नंबर. गिअर अडकतोय," असं म्हणून ते मान हलवतात. ऐकायला कोणी नसलं तरी म्हणतात. त्या खिडकीत दुसरी खुर्ची मावते हे मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात मोजून ठेवलं होतं, आणि त्या मापाची त्यांना फार भीती वाटायची. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचं नव्हतं, एवढं एकच त्यांना हवं होतं. त्यासाठी डोळ्यांचं कोणाला कळता कामा नये. मैत्रिणींना तर नाहीच, कारण काजवालीला कळलं की ते तासाभरात मालकांनाही कळणार.

धीर द्यायला एक मोठा पुरावा मात्र त्यांच्यापाशी होता. या दीड वर्षात त्यांनी कापलेलं एकही कापड शेवटच्या खोलीतून परत आलं नव्हतं. इतरांचं येत होतं. रोज येत होतं आणि त्यावरून त्या रोज बोलत होत्या. त्यांचं मात्र एकही नाही. यावरून मास्तरीणबाईंनी निष्कर्ष काढला, की डोळे हा अवयव कापणाऱ्याला फारसा लागतच नाही. हात तयार असला की झालं.

दर वर्षी मशीनच्या साफसफाईसाठी कारखाना चार दिवस बंद असायचा आणि या चौघी कुठेतरी फिरायला जायच्या. या वर्षी काजवालीने डोंगरातलं एक गाव काढलं. तिथून तासाभरावर हजारो वर्षांपूर्वीच्या गुहा आहेत आणि शेवटच्या गुहेत भिंतीवर जनावरांची चित्रं आहेत असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"गुहा?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे अंधारात भिंती बघायच्या? त्यासाठी बसचा खर्च कशाला? आमच्या जिन्यातला दिवा महिन्याभरापासून गेलाय, या सगळ्या."

पण तिघी एका बाजूला झाल्या म्हटल्यावर जावं लागलं. शिवाय नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

सकाळच्या बसने चौघी निघाल्या. बरोबर पाव, उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास. बस डोंगराच्या पायथ्याशी थांबली. तिथे तिकिटाची खिडकी, खिडकीत जांभया देणारा एक माणूस, आणि बाहेर खाकी शर्टातले एक पन्नाशीचे गाइड. या गाइडना एकच विशेषण येत होतं, 'प्राचीन'. डोंगर प्राचीन, पायऱ्या प्राचीन, पायऱ्यांलगतचा लोखंडी कठडासुद्धा, बोलण्याच्या ओघात, प्राचीन.

दीडशे पायऱ्या होत्या. पायरीची कड मास्तरीणबाईंना दिसत नव्हती, पण या दीड वर्षात त्यांनी एक युक्ती साधली होती. जिथे आधार हवा तिथे शेजारच्या माणसाचा कपडा पकडायचा आणि त्यात खोट काढायची. कापणारी बाई कपडा चाचपून बघणारच, त्यात कोणाला काय वावगं वाटणार? पहिल्या पन्नास पायऱ्या त्या काजवालीच्या दंडावरची शिलाई बघत चढल्या. पुढच्या पन्नास इस्त्रीवालीच्या कोटाचं अस्तर बघत. मग इस्त्रीवाली दम खायला बसली, तेव्हा त्यांनी सरळ गाइडची बाही धरली.

"अहो, हा शर्ट कोणी कापला?"

"सरकारी आहे बाई. सगळ्यांना मिळतो."

"मुंढा चुकलाय, बाही जोडतात तिथला. हात वर केलात की सगळा शर्ट वर जात असेल."

गाइडनी हात वर करून पाहिला. शर्ट खरोखरच वर गेला. त्यानंतर उरलेल्या पायऱ्यांवर त्यांनी आपली बाही आदराने त्यांच्या स्वाधीन केली.

काजवाली मात्र त्या दिवशी भलतंच काहीतरी करत होती. ती पायऱ्या मोठ्याने मोजत होती. "एकशे आठ, ही जरा उंच आहे. एकशे नऊ. एकशे दहा, ही फुटलीय हं."

"तू गुहा बघायला आलीस की पायऱ्यांची शिरगणती करायला?" मास्तरीणबाई ओरडल्या. "गप्प चढ."

"सवय गं. काजं मोजून मोजून," काजवाली म्हणाली आणि पुढे मोजत राहिली.

पहिली गुहा म्हणजे डोंगरात कोरलेली एक रिकामी खोली. दार जेमतेम छातीएवढं. आत शिरताना इस्त्रीवाली गरजली, "बाई बाई, किती ठेंगणं दार हे! सगळ्या वाका गं! अगदी कमरेत वाका!" तिचा आवाज गुहेत घुमून परत आला.

"आम्ही काय बहिऱ्या आहोत?" असं म्हणत मास्तरीणबाई वाकल्या, आणि बरं झालं वाकल्या. आत भिंतीलगत दगडी बाक होते. प्राचीन माणसं इथे चिंतन करत बसायची असं गाइडनी सांगितलं. इस्त्रीवालीने बाकावर बसून पाहिलं आणि दोन मिनिटांत तिचं चिंतन घोरण्यापर्यंत पोचलं. दुसऱ्या गुहेत पाण्याचं टाकं होतं, तेही प्राचीन. तपासनिसाने पुढे होऊन त्याच्या काठावर आपली पिशवी ठेवली आणि स्वतः पिशवीच्या अलीकडे उभी राहिली. ही बया पिशवी नेमकी वाटेत ठेवते, असं मनात म्हणत मास्तरीणबाई तिला वळसा घालून गेल्या. टाकं त्या पिशवीच्या पलीकडे लगेच सुरू होत होतं, हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

एकूण स्वारी खुशीत होती. दोन गुहा पार पडल्या होत्या, कोणाला संशय आलेला नव्हता, आणि एक तेवढी उरली होती.

चित्रांची गुहा सगळ्यांत आत होती. एका बोळातून वळत जावं लागायचं. बाहेरचा उजेड मागेच राहिला. गाइडकडे मंद पिवळा दिवा होता. झगझगीत उजेडाने रंग उडतात म्हणून दिवा खाली जमिनीकडे धरायचा, असा नियम. बोळातच त्यांनी माहिती दिली, की आत एक मोठा बैल आहे, त्याच्या मागे कळप आहे आणि हे जगातलं फार दुर्मीळ काम आहे.

एवढी माहिती मास्तरीणबाईंना पुरेशी होती. बैल आहे म्हटल्यावर त्याला पाय असणार, आणि पाय असले की त्यात चूक असणार. आत पोचल्यावर त्या सगळ्यांच्या पुढे झाल्या. समोरच्या भिंतीवर त्यांना फिकट, लांबट असं काहीतरी दिसलं, त्यात काळपट ठिपके होते. मधोमध अर्थातच नेहमीचा डाग होता. त्यांनी कमरेवर हात ठेवले. मान जराशी तिरकी केली. कारखान्यात तागा उलगडल्यावर करायच्या, अगदी तशीच.

"हा बैल," त्या म्हणाल्या, "मागच्या पायात मार खातो. पाय आखूड झालाय. काढणाऱ्याने घाई केलीय. पोट मात्र बरं घेतलंय."



काजवाली पटकन त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. "हो गं. आखूडच आहे पाय."

इस्त्रीवाली डाव्या बाजूला आली. "शेपूटही आखूड आहे."

तपासनीसही मागून पुढे येत म्हणाली, "मागचा डावा पाय. इंचभर तरी."

चौघी ओळीने त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. गाइडनी एकदा या चौघींकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, ती सूचनांची पाटी आहे. भिंतीला हात लावू नये, कचरा करू नये, असं लिहिलंय. बैल तुमच्या मागे आहे."

आता इथे जर काजवाली हसली असती तर मास्तरीणबाई वाचल्या असत्या. 'अंधारात काय दिसणार कपाळ, दिवा नीट धरा की' असं गाइडवर खेकसून त्या मोकळ्या झाल्या असत्या. पाटीतला बैल पुढची दहा वर्षं कारखान्यात चघळला गेला असता, आणि ते त्यांनी आनंदाने सोसलं असतं. पण मयताला हसणारी काजवाली हसली नाही. तिचा हात मास्तरीणबाईंच्या कोपराखाली गेला आणि तिथेच राहिला. कोणी काही न सांगता तिघींनी मिळून एका पाटीला पाय दिले होते, शेपूट दिलं होतं. इतक्या झटपट, इतक्या सफाईने, की हे त्या पहिल्यांदाच करत नव्हत्या हे उघड होतं. शिवणकामात हात बसायला किती वेळ लागतो हे मास्तरीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. एका दिवसात अशी सफाई येत नाही.

वातावरण अवघडलं की गाइड लोकांना पुढच्या कार्यक्रमाची आठवण होते. "आता मी एक मिनिट दिवा बंद करणार," ते घाईघाईने म्हणाले. "प्राचीन काळोखाचा अनुभव. कृपया संपूर्ण शांतता पाळावी."

दिवा गेला. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"कधीपासून?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"शांतता," गाइड म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"काय माहीत?" काजवालीने विचारून पाहिलं. खोटं बोलताना तिचा आवाज नेहमी बारीक होतो, आत्ताही झाला.

"पाटीला शेपूट लावलंत ना मघाशी? मग आता तोंड उघडा."

शेवटी इस्त्रीवाली बोलली. एरवी झोपाळू असलेल्या तिच्या आवाजात झोपेचा मागमूस नव्हता. "गेल्या थंडीच्या आधीपासून. ते चोवीस पांढरे कोट आले होते ना, तेव्हापासून."

"काय झालं होतं त्यांना?"

"अठ्ठेचाळीस बाह्या कापल्या होत्यास. सगळ्या डाव्या."

बाहीचा पुठ्ठ्याचा खाका एका बाजूने ठेवला की डावी बाही निघते. निम्म्या बाह्या कापून झाल्या की तो पालथा करायचा, मग उजवी निघते. खाक्याच्या एका अंगावर 'डावी' लिहिलेलं असतं, दुसऱ्या अंगावर 'उजवी'. ते वाचता येत नसेल, तर माणूस तोच खाका उचलून तसाच्या तसा परत ठेवू शकतो. कारखान्यात पहिल्या दिवशी आलेली मुलगीसुद्धा ही चूक करत नाही. कोणी केली असती तर मास्तरीणबाईंनी ती बाही तिच्या गळ्यात अडकवून तिला तिन्ही खोल्यांतून फिरवलं असतं.

"ते कोट तर गेले," त्या म्हणाल्या. "वेळेवर गेले. दोन हातांच्या माणसांनी घातले असतील ना? मग उजव्या बाह्या कुठून आल्या?"

काळोखात गाइडचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"उरलेल्या ताग्यातून कापल्या," तपासनीस म्हणाली. "डबा खायच्या सुट्टीत."

"कोणी?"

"मी."

"आणि त्यानंतर?"

"आठवड्यातून दोनदा. कधी तीनदा. कॉलर जास्त करून. या दोघी दारात उभ्या राहायच्या."

"कॉलर," मास्तरीणबाई म्हणाल्या. गेल्याच महिन्यात मालकांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाला टेबलापाशी आणून एक कॉलर दाखवली होती. असा हात आता शोधून सापडायचा नाही, असं मालक म्हणाले होते, आणि मास्तरीणबाईंनी मान न उचलता, आपण ऐकलंच नाही असं दाखवून, शब्द न शब्द ऐकला होता. घरी जाऊन खिडकीतल्या माणसालाही सांगितलं होतं. "ती गिऱ्हाइकाला दाखवलेली कॉलर?"

"माझी."

"वा!" मास्तरीणबाईंचा आवाज चढला. "वा, वा! म्हणजे वर्षभर मला टेबलापाशी नुसती उभी करून ठेवलीत. दुकानाबाहेर कपडे घालून बाहुली उभी करतात तशी. वर मी तुम्हाला शिकवतेय, तुमच्या चुका काढतेय, आणि तुम्ही तिघी माना डोलावताय. फार करमणूक झाली असेल! मला सांगायचंत तरी, मी पण हसले असते."

"कोणी हसलं नाही गं," काजवाली म्हणाली, आणि ती रडत होती. "तुला काढलं असतं. तुझ्या घरी आधीच एक माणूस खिडकीत बसून आहे. तू तिथे बसलेली आम्हाला बघवली नसती."

हे मात्र मास्तरीणबाईंच्या वर्मी लागलं. ती खिडकी फक्त आपल्यालाच माहीत आहे अशी त्यांची समजूत होती.

"मिनिट झालं," गाइड हळूच म्हणाले. "दिवा लावू?"

"नका लावू."

"नियमाप्रमाणे एकच मिनिट..."

"हा नियमही प्राचीन आहे का?"

गाइडनी दिवा लावला नाही. सरकारी माणसाने नियम मोडण्याचा तो एक दुर्मीळ प्रसंग होता आणि तो बघायला कोणाला काही दिसत नव्हतं.

मास्तरीणबाई तशाच उभ्या राहिल्या. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांना दिसल्याचं सोंग करावं लागत नव्हतं. इथे सगळ्यांचे डोळे त्यांच्या डोळ्यांइतकेच कामाचे होते. आणि त्यांना एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं, की त्या खालीच बसल्या, त्या गार जमिनीवर. त्या घाबरल्या होत्या. रोज सकाळी कात्री उचलताना घाबरत होत्या, रोज संध्याकाळी जिना उतरताना घाबरत होत्या. "मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मधोमध काहीच दिसत नाही." बोलून झाल्यावर छत काही कोसळलं नाही.

मग त्या नेहमीच्या स्वरात म्हणाल्या, "आता लावा दिवा. मला नाही, पण या तिघींना बैल बघू दे. तिकीट काढलंय."

तिघींनी बैल बघितला. आधी अर्धं मिनिट बघितल्यासारखं केलं, आणि मग खरंच बघत राहिल्या. काजवाली नाक पुसत सांगू लागली, की तांबूस रंग आहे, मान खाली घातलीय आणि पाय चारही नीट आहेत गं, एकही आखूड नाही. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्यात खोट काढली नाही.

बाहेर ऊन होतं. गुहेच्या तोंडाशी एक लांब दगड होता, त्यावर मास्तरीणबाई आणि तपासनीस बसल्या. काजवाली आणि इस्त्रीवाली पाव, अंडी काढायला जरा पलीकडे गेल्या. त्यांनी मुद्दामच वेळ लावला असणार, कारण अंडी सोलायला इतका वेळ लागत नाही.

"सोमवारी मी मालकांना सांगणार आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यांचं सांगणार, बाह्यांचं सांगणार आणि ती कॉलर कोणाची तेही सांगणार. टेबल तुझं."

तपासनिसाने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, त्यांच्या हातात नीट दिला आणि मगच उत्तर दिलं. "मला नको."

"नको? वर्षभर उपाशी राहून कापलंस आणि आता नको?"

"माझा हात कात्रीचा नाही," तपासनीस शांतपणे म्हणाली. "तुम्हीच म्हणाला होतात. एकवीस वर्षं झाली. मी कापायला शिकायला आले होते तुमच्याकडे. सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालात, हिचा हात कात्रीचा नाही, डोळा बरा आहे, हिला तपासायला बसवा. मी बसले. अजून बसलेय."

ती भांडत नव्हती. रागावलेलीही नव्हती. कोटात दोष सापडला की तो नेमका कुठे आहे हे सांगावं, तसं ती सांगत होती. मास्तरीणबाईंना तिचे कान दिसत होते, खांद्यावरून घेतलेली ओढणी दिसत होती. तोंड दिसत नव्हतं. एरवी त्यांनी झटकून टाकलं असतं, की तेव्हा नव्हता तुझा हात, पुढे बसला असेल. ते वाक्य जिभेवर तयारही होतं. एवढं एक वाक्य बोललं असतं तर एकतीस वर्षांतलं काही ना काही तरी त्यांच्याकडे शिल्लक राहिलं असतं.

त्यांनी चहाचं झाकण खाली ठेवलं.

"सहाव्या दिवशी तू एक मुंढा कापलास," त्या म्हणाल्या. "खडू न लावता. नुसता नजरेने, एका झोकात. मला तो तसा कापायला सात वर्षं लागली होती. मी तो उचलून उजेडात धरला आणि खाली टाकला. सगळ्यांना वाटलं, वाकडा असणार."

तपासनिसाने चहाचं झाकण त्यांच्या हाताशी सरकवलं.

"वाकडा नव्हता. तेव्हा माझे डोळे चांगले होते गं. मी तुझा हात बघितला, म्हणूनच तुला तिथून उठवलं."

खाली रस्त्यावरून एक बस घरघरत गेली. पलीकडे काजवालीने तिसऱ्यांदा तेच अंडं सोलायला घेतलं.

"माहीत आहे मला," शेवटी तपासनीस म्हणाली. "तुम्ही टाकलात, तेव्हा झाडताना मी तो तुकडा उचलला. घरी नेला. अजून कपाटात आहे."

मास्तरीणबाईंनी चेहरा तिच्याकडे वळवला. तोंडाच्या जागी डागच होता, तरी त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"सोमवारी घेऊन ये," त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर टेबलावर ठेव. कोणी कापला आणि कोणी फेकला, ते मी सांगते."